पंखा ऐकू येतो, सर ऐकू येत नाहीत

तास फोनवर रेकॉर्ड केला. घरी येऊन लावला, तर पंख्याची घरघर स्वच्छ ऐकू येते, बाकांची करकर ऐकू येते, मागच्या रांगेतली कुजबुजही कळते. सरांचा आवाज मात्र लांबून आणि पुसट येतो. त्यानंतर जो प्रश्न पडतो तो जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकाच रूपात येतो : चांगला माइक कोणता घेऊ आणि त्याला किती पैसे पडतील?

हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि आपले तास मुलांना पुन्हा ऐकता यावेत अशी इच्छा असलेले शिक्षकही विचारतात. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्यांना आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांना तर रेकॉर्ड केलेला तास म्हणजेच वही. त्यामुळे उत्तर स्वस्त असायला हवं, आणि सुदैवाने ते स्वस्त आहेच. पण दुकानात जाण्याआधी आवाजाच्या दोन-तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. नाहीतर दहा हजार खर्चूनही पंखाच ऐकू येईल.

१. कानाला जमतं ते माइकला का जमत नाही?

वर्गात तिसऱ्या बाकावर बसून आपल्याला सर नीट ऐकू येतात. त्याच बाकावर ठेवलेल्या फोनला ते ऐकू येत नाहीत. फोन वाईट आहे असा निष्कर्ष आपण लगेच काढतो. खरं कारण आपल्या डोक्यात आहे.

आपल्याला कान दोन आहेत. समोरून येणारा सरांचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. डावीकडच्या खिडकीतून येणारा रिक्षाचा हॉर्न डाव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदूला तो पुरतो. त्यावरून तो आवाज वेगळे करतो, हवा तो पुढे घेतो आणि नको ते मागे ढकलतो. कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन वेगवेगळे मजकूर एकत्र मिसळून ऐकवले, तर त्यातला एक वेगळा काढताना माणसांची दमछाक होई. तेच दोन मजकूर दोन कानांत वेगवेगळे दिले की हव्या त्या मजकुराचा माग सहज ठेवता येई.

हे करून बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या तासाला मिनिटभर एका कानात बोट घालून बसा. सरांचा आवाज थोडा बोजड वाटेल आणि खोली जास्त घुमते आहे असं जाणवेल. फोनला वर्ग साधारण असाच ऐकू येतो, आणि त्यामागे निवड करणारा मेंदूही नसतो. सगळे आवाज एकाच तारेतून आत जातात आणि एकमेकांत मिसळतात.

एकदा मिसळलेला आवाज मोठा करून उपयोग होत नाही. तांदूळ न निवडता एका वाटीऐवजी दोन वाट्या घेतले, तर खडेही दुप्पट येतात. रेकॉर्डिंगचा आवाज वाढवला की सरांबरोबर पंखाही तितकाच वाढतो. म्हणून ‘जास्त ताकदीचा’ माइक मागण्यात अर्थ नाही. सरांचा आवाज आणि बाकीचा गोंगाट यांच्यातला फरक माइकमध्ये शिरण्याआधीच वाढवायला हवा.

२. वीतभर आणि चार मीटर

बोलणाऱ्यापासून दूर जाताना आवाज सर्व दिशांना पसरत जातो आणि विरळ होतो. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारी ध्वनिऊर्जा एक चतुर्थांश होते. तिप्पट झालं की एक नवमांश. हा सगळा हिशेब अंतराच्या वर्गावर चालतो.

आता आपल्या वर्गाचं उदाहरण घेऊ. सर फळ्याजवळ उभे आहेत आणि फोन तिसऱ्या बाकावर, त्यांच्या तोंडापासून ४ मीटरवर आहे. समजा, त्याऐवजी एक छोटा माइक त्यांच्या सदऱ्याला हनुवटीखाली वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरवर लावला. अंतर ४०० सेंटिमीटरवरून २० वर आलं, म्हणजे २० पट कमी झालं. वीसचा वर्ग चारशे. त्या माइकला सरांचा थेट आवाज बाकावरच्या फोनपेक्षा ४०० पट ऊर्जेनिशी मिळतो. पंखा मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढाच, कारण छतावरचे पंखे खोलीभर पसरलेले असतात.

ध्वनीच्या जगात असे मोठे आकडे डेसिबलमध्ये सांगतात. दहापट ऊर्जा म्हणजे १० डेसिबल, शंभरपट म्हणजे २०, चारपट म्हणजे ६. चारशे म्हणजे चार गुणिले शंभर; ६ आणि २० मिळून २६ डेसिबल. सदऱ्याला माइक लावल्याने २६ डेसिबलचा फायदा झाला. चारशे रुपयांचा आणि चाळीस हजारांचा माइक एकाच जागी ठेवून बघितले, तर गोंगाटातून आवाज वर काढण्याच्या बाबतीत त्यांच्यातला फरक याच्या जवळपासही जात नाही.

माझं ठाम मत आहे की साधनांवर पैसे खर्च करायचे ते अंतर कमी करण्यासाठीच. पुढे जे काही सांगतो आहे त्यातला बराचसा भाग या एकाच गोष्टीचा विस्तार आहे.

३. खोली उत्तर देते

पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तरी लांबून घेतलेला आवाज पुसटच येतो. कारण सरांचा शब्द माइकपर्यंत एकदा येऊन थांबत नाही. तो आधी थेट येतो, मग भिंतीवरून, मग छतावरून, मग फरशीवरून, आणि अशा शेकडो परतलेल्या आवाजांची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. यालाच आपण खोली घुमते म्हणतो.

या घुमण्याचा हिशेब मांडण्याचं श्रेय वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला जातं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह कुणाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत असे, आणि तेवढ्यात वक्ता कितीतरी शब्द पुढे गेलेला असे. सबाइनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या आणि रात्रीच्या शांततेत एकेक गादी वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून जो नियम निघाला तो आजही वापरतात : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचं. उत्तर सेकंदांत येतं. शोषणाचं एकक समजायला सोपं आहे. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आपल्याकडचा एक वर्ग घेऊ : ९ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३.५ मीटर उंच. घनफळ साधारण २२० घनमीटर. गिलावा केलेल्या भिंती, फरशी आणि लाकडी बाक यांचं मिळून शोषण १४ धरू. २२० गुणिले ०.१६ भागिले १४ म्हणजे अडीच सेकंद. आता त्यात साठ विद्यार्थी बसले. कपड्यांसकट प्रत्येक माणूस साधारण ०.४ इतकं शोषण करतो, म्हणजे साठ जणांचं २४. एकूण शोषण ३८ झालं आणि घुमणं एक सेकंदाच्या थोडं खाली आलं. मध्यम आकाराच्या वर्गखोलीत, ती रिकामी असतानाही, हा वेळ ०.६ सेकंदापेक्षा जास्त नसावा असं अमेरिकेतलं मानक सांगतं. आपला हा वर्ग भरलेला असूनही त्याच्या वर राहतो.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, सुट्टीच्या दिवशी ‘शांतता आहे’ म्हणून रिकाम्या वर्गात रेकॉर्डिंग करणाऱ्यांची निराशा का होते ते कळतं. तिथे गोंगाट कमी असतो, पण शोषणारी साठ माणसंही नसतात. मुलं नसतानाच रेकॉर्ड करायचं असेल तर घरातली गादी, पडदे आणि कपड्यांचं कपाट असलेली खोली वर्गापेक्षा कितीतरी बरी. दुसरी, घुमणारा आवाज खोलीभर जवळपास सारखाच असतो. म्हणून माइक तोंडाजवळ नेला की थेट आवाज वाढतो आणि घुमणं होतं तेवढंच राहतं. फिरून आपण अंतरापाशीच येतो.

४. दुकानदार जी नावं घेतो ती

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात की समोर नावांची रास येते. त्यातली मोजकीच आपल्या कामाची आहेत.

सदऱ्याला लावायच्या छोट्या माइकला कॉलर माइक म्हणतात. त्याच्या टोकाला काही मिलिमीटरची एक डबी असते. तिला इलेक्ट्रेट म्हणतात. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी ती तयार केली. तिच्यातल्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर विद्युतभार कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे तिला मोठा वीजपुरवठा लागत नाही. फोन किंवा रेकॉर्डर देतो तेवढी थोडीशी वीज पुरते. आज ती इतकी स्वस्त बनते की कॉलर माइकच्या किमतीत वायर, पिन आणि चिमटा यांचाच वाटा मोठा असतो.

स्टुडिओतला कंडेन्सर माइक फार नाजूक आवाजही टिपतो, आणि म्हणूनच वर्गात तो नको. तो पंखा, मैदान, शेजारचा वर्ग सगळंच टिपतो. शिवाय त्याला बहुधा ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, आणि तो देणारं यंत्र विकत घ्यावं लागतं.

हातात धरायचा, सभेत दिसतो तो माइक डायनॅमिक प्रकारचा. १९६६ पासून विकला जाणारा शुअर कंपनीचा एसएम५८ हा त्यातला जगभर ओळखीचा नमुना. हे माइक दणकट असतात आणि तोंडाजवळ धरले की गोंगाट चांगला मागे ठेवतात. पण त्यांचा विद्युतसंदेश फार क्षीण असतो. तो सरळ फोनला जोडून चालत नाही, मध्ये वर्धक लागतो. आणि एका हातात खडू, दुसऱ्या हातात माइक घेऊन पाऊण तास शिकवणं कुणालाही जड जातं.

लांब नळीचा शॉटगन माइक ‘लांबचा आवाज ओढतो’ असं सांगून विकला जातो. तो काही ओढत नाही. बाजूंनी येणारे आवाज तो काहीसे कमी करतो, एवढंच. मोकळ्या मैदानात त्याचा उपयोग होतो. घुमणाऱ्या वर्गात मात्र सरांचाच आवाज भिंतींवरून सगळ्या दिशांनी येत असतो, त्यामुळे नळीचा फायदा बराचसा वाया जातो. मागच्या बाकावरून रेकॉर्ड करण्यासाठी शॉटगन घेऊ नका.

दिशेबद्दल आणखी एक. बहुतेक कॉलर माइक सर्व दिशांनी सारखंच ऐकतात. ऐकायला हा दोष वाटेल, पण छातीवर लावलेल्या माइकसाठी तो गुण आहे. सर फळ्याकडे वळले, मान खाली घातली, तरी आवाज फारसा बदलत नाही.

५. पैसे किती, त्यात काय

एकही रुपया खर्च न करता सुरुवात करता येते, आणि मी प्रत्येकाला तिथूनच सुरुवात करायला सांगतो. आपला फोन आपल्या बाकावर न ठेवता परवानगी घेऊन सरांच्या टेबलावर ठेवा. अंतर चार मीटरवरून एका मीटरवर आलं की ऊर्जा सोळापट झाली. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राशेजारी असतो. ती कड बोलणाऱ्याकडे करा. फोनखाली घडी घातलेला रुमाल ठेवा, म्हणजे टेबलावर डस्टर आपटला तरी तो हादरा सरळ फोनमध्ये शिरणार नाही. फोन विमान मोडवर टाका. मध्येच कॉल आला तर बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि ते तास संपल्यावरच कळतं.

फोनची एक खोड माहीत असावी. बोलणं थांबलं की तो आपोआप संवेदनशीलता वाढवतो, बोलणं सुरू झालं की कमी करतो. त्यामुळे सर श्वास घ्यायला थांबले की पंखा हळूहळू मोठा होत वर येतो. काही रेकॉर्डिंग ॲपमध्ये हे आपोआप होणारं नियंत्रण बंद करता येतं. येत असेल तर करा.

त्यापुढची पायरी म्हणजे वायरचा कॉलर माइक. तो साधारण हजार रुपयांच्या आत मिळतो. या पूर्ण प्रकरणातली सर्वांत मोलाची खरेदी हीच. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा आपल्याकडे बराच खपलेला नमुना. त्याची वायर ६ मीटर लांब आहे. एवढी लांब वायर सरांच्या गळ्यापासून बाकापर्यंत नेण्याचा मोह टाळा. कुणीतरी अडखळतं आणि पिन निखळते. फोन सरांच्याच खिशात द्या, उरलेली वायर गुंडाळून रबर लावा. अशा काही माइकच्या वायरीत फोन आणि कॅमेरा अशी दोन स्थानं असलेलं बटण आणि एक छोटा बटण-सेल असतो. फोनला जोडताना बटण फोनच्या बाजूलाच हवं. ‘माइक खराब निघाला’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच बटण असतं.

पिन नीट बघून घ्या. फोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे धातूचे चार भाग. कॅमेऱ्याच्या आणि वेगळ्या रेकॉर्डरच्या माइकची पिन दोन रेघांची असते. एकाची पिन दुसऱ्यात बसते, पण आवाज येईलच असं नाही. साठ-सत्तर रुपयांच्या जोडपिनेने ही अडचण सुटते. बऱ्याच नव्या फोनना गोल पिनेचं छिद्रच नसतं. त्यांच्यासाठी टाइप-सी पिनेचे कॉलर माइक मिळतात आणि शक्य असेल तर सरळ तेच घ्यावेत. टाइप-सी ते गोल पिन असा स्वस्त जोड सगळ्या फोनवर चालत नाही. घ्यायचाच असेल तर दुकानातच आपल्या फोनला लावून, रेकॉर्ड करून, ऐकून घ्या.

माइक लावायचा कुठे, याबद्दल बाहेरच्या पुस्तकांत कोट आणि टायची चित्रं असतात. आपल्याकडे शिकवणारी व्यक्ती साडीत, कुर्त्यात किंवा साध्या सदऱ्यात असते. सदऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या बटणाजवळ चिमटा लावला की काम झालं. कुर्ता आणि ओढणी असेल तर माइक कुर्त्याच्या गळ्याच्या मधोमध लावावा आणि ओढणी त्यावरून जाणार नाही अशी पिनेने बाजूला धरावी, कारण कापडाची सळसळ माइकला अगदी जवळून ऐकू येते. साडीत खांद्यावरच्या निऱ्यांना लावलेला माइक तोंडाच्या एका बाजूला पडतो आणि मान वळली की आवाज कमी-जास्त होतो. पदराच्या छातीवरून जाणाऱ्या कडेला, शक्य तेवढा मध्यावर लावणं बरं. मंगळसूत्र किंवा साखळी माइकवर आपटत नाही ना ते पाहावं. खिसा नसेल तर फोनसाठी छोटी कापडी पिशवी खांद्याला अडकवता येते. मॅडमना हे आधी सांगून ठेवावं. तास सुरू व्हायच्या क्षणी माइक घेऊन समोर उभं राहणं बरं दिसत नाही आणि मग तो घाईत कुठेतरी लावला जातो.

व्हॉइस रेकॉर्डर घ्यावा का? साधारण चार-सहा हजारांत सोनीच्या आयसीडी-पीएक्स४७० सारखं यंत्र येतं. त्यात ४ जीबी जागा असते, कार्ड घालता येतं, दोन पेन्सिल सेलवर ते चालतं आणि यूएसबी टोक बाहेर काढून सरळ संगणकाला लागतं. फोनपेक्षा आवाज थक्क करण्याइतका चांगला होईल, ही अपेक्षा नको. याचा फायदा वेगळाच आहे. फोन मोकळा राहतो, कॉल येत नाही, सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि बटणं हाताला लागतात. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे. दिवसाला चार-पाच तास रेकॉर्ड करणाऱ्याने रेकॉर्डर जरूर घ्यावा आणि त्यालाही कॉलर माइक जोडावा. झूम किंवा टॅस्कमचे दोन माइकचे रेकॉर्डर गाण्याच्या बैठकीला उत्तम. तासासाठी त्यांच्यावर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही.

बिनतारी कॉलर माइक २०१९ नंतर, म्हणजे रोड कंपनीच्या वायरलेस गो सारखे छोटे संच आल्यापासून, झपाट्याने पसरले. फोन बाकावर आणि माइक सरांच्या सदऱ्याला, अशी सोय त्यामुळे होते. नावाजलेल्या कंपन्यांचे संच दहा हजारांच्या पुढे जातात, साधे दोन-तीन हजारांत मिळतात. अगदी स्वस्त संचांत दोन अडचणी येतात. आतली बॅटरी बदलता येत नाही, ती दमली की संच टाकून द्यावा लागतो. आणि गोंगाट कापण्याच्या नादात ते शब्दांची शेवटची अक्षरंही खातात. मराठीत ‘आहे’ आणि ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतात. तीच दबली तर वाक्याचा अर्थ उलटतो. कानात घालायचे ब्लूटूथ इअरफोन माइक म्हणून वापरू नयेत. बोलण्याच्या मार्गावर त्यांचा आवाज फोनवरच्या संभाषणाइतका अरुंद होतो.

मोठ्या सभागृहात वक्त्यासमोर माइक असतोच. तिथे दुसरा माइक लावण्यापेक्षा ध्वनियंत्रणेच्या ॲम्प्लिफायरमधून आवाज घ्यावा. अहुजाचा असो वा आणखी कुणाचा, मागच्या बाजूला बहुधा ‘लाइन आउट’ असं लिहिलेलं छिद्र असतं. मात्र तिथला संदेश माइकच्या संदेशापेक्षा शेकडो पट मोठा असतो. तो सरळ माइकच्या छिद्रात घातला तर आवाज फाटतो. रेकॉर्डरवर ‘लाइन’ अशी वेगळी सोय असेल तर ती वापरायची, नाहीतर संदेश कमी करणारी वायर मागायची.

६. फाईल किती जागा खाते

आवाज साठवताना त्याचे सेकंदाला हजारो नमुने घेतात. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २ बाइट लागतात. एका वाहिनीचा हिशेब केला तर तासाला सुमारे ३१७ एमबी. ६४ केबीपीएसच्या एमपी३मध्ये तेच सुमारे २९ एमबीत मावतं आणि एकट्या माणसाच्या बोलण्याला ते पुरतं.

सत्राचा अंदाज घेऊ. चार विषय, प्रत्येकाचे आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे : २४० तासिका. प्रत्येकी ५० मिनिटं धरली तर एमपी३मध्ये ६ जीबीच्या आत आणि न दाबलेल्या स्वरूपात ६३ जीबीच्या पुढे. आठ जीबीचं कार्ड पुरेल की नाही, याचं उत्तर इथे मिळालं.

जागा वाचवण्यासाठी नमुने फार कमी करू नका. सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर ४,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी जातात, आणि ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वरच असतो. फोनवर नाव सांगताना ‘स’ की ‘फ’ असं पुन्हा विचारावं लागतं, ते यामुळेच.

आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी असेल तर नेहमीच्या बोलण्यात ती उणे १२ डेसिबलच्या आसपास जाऊ द्यावी. शून्याला लागली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण शिवता येत नाही. कमी पातळीचं रेकॉर्डिंग नंतर वाढवता येतं.

७. नंतरची सफाई

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्यात दोनच गोष्टी शिकून घ्या. एक, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाकणारी गाळणी. आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि टेबलाचे दणके तिथेच असतात, माणसाचं बोलणं त्याच्या वर असतं. दोन, गोंगाट कमी करण्याची सोय. तिला आधी नुसत्या पंख्याचा नमुना दाखवावा लागतो. म्हणून रेकॉर्डिंग सुरू केल्यावर सर बोलायला लागायच्या आधीचे पाच-दहा सेकंद पुसू नका.

ही सोय पंख्यासारख्या एकसुरी आवाजावर चालते. हॉर्नवर, कुजबुजीवर आणि घुमण्यावर चालत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधनं घुमणंही बरंच कमी करतात. पण जिथे शब्द ऐकूच आला नाही, तिथे ती आपल्या अंदाजाने ध्वनी भरू शकतात. इतिहासाच्या तासाला ते कदाचित खपेल. औषधाची मात्रा किंवा कायद्याचं कलम सांगणाऱ्या तासाला खपणार नाही. तिथे मूळ फाईल जपून ठेवावी.

८. विचारल्याशिवाय नको

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात ‘कलाकार’ कोण, याची व्याख्या आहे. त्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर जादूगार आणि गारुडी आहेत, आणि व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. म्हणजे तास घेणाऱ्या शिक्षकाला आपल्या सादरीकरणावर कायद्याने हक्क आहे. स्वतःच्या अभ्यासापुरतं रेकॉर्डिंग करायला तोच कायदा वाट ठेवतो, पण ते गटावर पाठवणं किंवा वाहिनीवर टाकणं ही वेगळी गोष्ट झाली. मला तर कायद्याच्याही आधी साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. तासात शिक्षक मोकळेपणाने बोलतात, मुलं चुकीचे प्रश्न विचारतात, आणि तसे विचारता यायला हवेत. लपून लावलेला फोन हा मोकळेपणा संपवतो. विचारलं तर बहुतेक शिक्षक हो म्हणतात, आणि हो म्हटल्यावर माइकही सदऱ्याला लावता येतो.

९. फळा ऐकू येत नाही

१९६१ ते १९६३ या काळात कॅलटेक या अमेरिकी संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. ती व्याख्यानं टेपवर घेतली गेली आणि त्याबरोबर फळ्याची छायाचित्रंही काढली गेली. पुढे जी प्रसिद्ध पुस्तकं तयार झाली ती या दोन्हींवरून. नुसती टेप असती, तर ‘हे इथून इकडे गेलं की याचं चिन्ह बदलतं’ अशा वाक्यांपुढे संपादकांनी काय केलं असतं?

म्हणून सरांना दोन विनंत्या करून ठेवाव्यात. फळ्यावर लिहिताना तेच तोंडाने म्हणावं, आणि मागच्या मुलाने विचारलेला प्रश्न उत्तर देण्याआधी एकदा स्वतः उच्चारावा. कॉलर माइकला मागच्या बाकावरचा प्रश्न ऐकू येत नाही. वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर या दोन सवयींचा त्याला त्याच तासात उपयोग होतो, रेकॉर्डिंगची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या बाजूने फळा पुसण्याआधी फोटो घ्यावा, आणि फोटो व ध्वनिफाईल दोन्हींच्या नावाची सुरुवात तारखेने, तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने करावी : २०२५-०८-१२-अर्थशास्त्र-मागणीचा नियम. अशी नावं संगणक आपोआप ओळीने लावतो, आणि परीक्षेच्या आधी हवा तो तास आणि त्याचा फळा एकमेकांशेजारी सापडतात.